लिहिलं किती, पोटात गेलं किती: डाएटिशियनच्या इंटर्नशिपमधली रोटेशन्स

केस पेपरवर १५०० कॅलरीचा आहार लिहिला आणि रुग्णाच्या पोटात प्रत्यक्षात हजारच गेल्या, तर मधल्या पाचशे कुठे सांडल्या? कधी किचनमधल्या वाढायच्या डावात, कधी सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलेल्या सकाळी, कधी सुनेने आणलेल्या डब्यात. कॉलेजात शिकतो तो हिशोब पहिल्या आकड्यापाशी, म्हणजे 'लिहिलं किती' इथेच संपतो. शिजलं किती, पोचलं किती आणि पोटात गेलं किती हे पुढचे तीन आकडे इंटर्नशिपमध्ये शिकायचे असतात. ते एका ठिकाणी बसून कळत नाहीत, म्हणून इंटर्नला विभागाविभागांतून फिरवतात. या फिरण्यालाच रोटेशन म्हणतात. इथली उदाहरणं कोकणातली आहेत.

भारतात 'रजिस्टर्ड डाएटिशियन' ही ओळख इंडियन डाएटेटिक असोसिएशनच्या आर. डी. परीक्षेतून मिळते. ही संघटना १९६३ सालची. परीक्षेला बसण्यासाठी आहारशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आणि हॉस्पिटलमधली सहा महिन्यांची इंटर्नशिप हा नेहमीचा रस्ता आहे. अर्ज करण्याआधी त्या वर्षाचे नियम आणि मान्य हॉस्पिटलांची यादी या संघटनेच्या परीक्षा मंडळाकडून पाहून घ्यावी. मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नये. २०२१ साली आलेल्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यानेही आहारतज्ज्ञांना आरोग्यव्यवसायांच्या यादीत घेतलं आहे. इंटरनेटवर शोधलं की अमेरिकेतली माहितीच जास्त सापडते. तिथे देखरेखीखालचं काम किमान १००० तास करावं लागतं आणि १ जानेवारी २०२४ पासून परीक्षेआधी पदव्युत्तर पदवी सक्तीची आहे. ते नियम तिथले. आपल्याकडे तास मोजण्यापेक्षा महिने मोजतात.

सहा महिने म्हणजे २६ आठवडे. एक नमुना असा: किचन ४, मेडिसिन आणि सर्जरीचे वॉर्ड ६, मधुमेहाची ओपीडी ३, किडनी आणि डायलिसिस ३, आयसीयू ३, बालरोग आणि प्रसूती ३, समाजातलं काम ३, आणि शेवटचा एक आठवडा एखादा वॉर्ड स्वतंत्रपणे सांभाळायचा. प्रत्येक हॉस्पिटलची वाटणी वेगळी असते. मात्र किचन शेवटी ठेवलेलं असेल तर ते आधी करून घेता येईल का, हे जरूर विचारावं. भाताचा एक डाव म्हणजे किती ग्रॅम हे माहीत नसताना वॉर्डात दिलेला सल्ला हवेतला असतो.

किचन: इथे आकडे फुगतात आणि आटतात

बहुतेक मुलींना हे रोटेशन कमीपणाचं वाटतं. साडेसहाला या, कांदे-बटाट्यांचं वजन पाहा, कुकशी हुज्जत घाला. पण पुढचे पाच महिने याच्यावरच उभे राहतात.

दिवस सुरू होतो वॉर्डातून आलेल्या डाएट लिस्टने: नॉर्मल किती, सॉफ्ट किती, लिक्विड किती, मधुमेहाचे, कमी मिठाचे, नळीने फीड घेणारे किती. त्यावरून इंडेंट, म्हणजे कोठीतून काढायच्या मालाचं मागणीपत्रक बनतं. समजा दुपारच्या जेवणाला ८० ताटं आहेत आणि माणशी ७० ग्रॅम कच्चा तांदूळ धरला आहे. म्हणजे ५.६ किलो तांदूळ. शिजल्यावर तो अडीच ते तीन पट होतो, साधारण १६ किलो. ताटात २०० ग्रॅम भात पडला तर हिशोब जुळला. पण वाढपी मावशींचा डाव १५० ग्रॅमचा असेल तर रुग्णाला ७० ऐवजी ५२ ग्रॅम तांदळाचा भात मिळतो, आणि कागदावर ७०च राहतात. एका जेवणाला साठेक कॅलरींची तूट. दिवसातून दोनदा, आठ दिवस.

उकड्या तांदळाला पाणी जास्त लागतं आणि त्याचा फुगवटा सुरय, म्हणजे न उकडलेल्या तांदळासारखा नसतो. म्हणून पुस्तकातला गुणक न वापरता आपल्या किचनचा गुणक काढायचा. आठवडाभर रोज कच्चा आणि शिजवलेला भात तोला, भागाकार करा, सरासरी धरा. डाळ, उसळ, भाजीचंही तसंच. काम कंटाळवाणं आहे, पण एकदा केलं की सहा महिने पुरतं.

मासळीत वाया जाणारा भाग आधी वजा करावा लागतो. एक किलो अख्खा बांगडा डोकं, पोट, शेपटी काढून काटा धरून ५५० ते ६५० ग्रॅम उरतो. कोळंबी सोलल्यावर निम्म्याच्या आसपास. माल घेताना वजनाइतकंच बर्फाकडे बघायला हवं. बांगडा, तारली, कुपा या गडद मांसाच्या मासळीत बर्फ कमी पडला तर हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा झालं की ते शिजवून, तळून कशानेही जात नाही. जेवल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठतं, डोकं दुखतं. केस पेपरवर 'माशाची ॲलर्जी' लिहिलं जातं आणि तो माणूस जन्मभर मासा सोडतो. दोष माशात नसून टोपलीत असतो.

तापमानाचा नियम सोपा: गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड अन्न ५ अंशांच्या खाली, मधला पट्टा धोक्याचा. कोकणातल्या दमट दुपारी हा धोका सगळ्यात आधी दिसतो तो ओल्या खोबऱ्याच्या वाटणात आणि उरलेल्या भातात. वाटण सकाळी एकदम करून दिवसभर बाहेर ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडावी लागते. भाताची गोष्ट जास्त फसवी. त्यातल्या बॅसिलस सिरिअस या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात बाहेर राहिला की वाढतात, आणि त्यांचं उलटी करवणारं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

कमी मिठाचं ताट चुकतं कुठे, हेही इथेच कळतं. भाजीतलं मीठ घालण्याआधी रुग्णाचा भाग बाजूला काढतात आणि सगळ्यांना वाटतं, झालं. पण वाटणात मीठ आधीच पडलेलं असतं. सोलकढी कोकमाच्या आगळाची, म्हणजे टिकवलेल्या रसाची असेल तर आगळ टिकावं म्हणून त्यात भरपूर मीठ असतंच. वरून एक चिमूटही न घालता ती खारट होते. पापड आणि लोणचं मागच्या दाराने येतं ते वेगळंच.

वॉर्ड: आधी विचारा, मग लिहा

रुग्ण दाखल झाल्यापासून २४ ते ४८ तासांत त्याची पोषणाची चाळणी व्हायला हवी. मस्ट किंवा एन. आर. एस. २००२ अशी ठरलेली साधनं आहेत. दोन्हींत प्रश्न जवळपास तेच: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) किती, गेल्या काही महिन्यांत वजन किती उतरलं, खाणं किती कमी झालं, आजार किती गंभीर. एन. आर. एस.मध्ये गुण ३ किंवा अधिक आले की सविस्तर तपासणी. बीएमआय वाचताना आपल्या लोकांसाठीच्या रेषा वापरायच्या: २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा.

अडचण वजनापाशीच सुरू होते. उभं राहता न येणाऱ्या रुग्णाचं वजन 'अंदाजे ६०' असं लिहिलेलं असतं आणि पुढचा सगळा हिशोब त्या अंदाजावर चढतो. उंचीसाठी कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजून तक्त्यातून उंची काढता येते. वजनासाठी खाटेचा काटा नसेल तर दंडाचा घेर घ्यावा आणि आकड्यापुढे 'अंदाज' असं स्पष्ट लिहावं. पायावर सूज असेल तर तेही लिहावं, कारण काट्यावर पाणीही चढतं.

मग येते चोवीस तासांची आठवण: काल सकाळपासून काय काय खाल्लं. मालवणकडची आजी सांगते, "सकाळपासून काय एक खाऊक नाय." तिच्या लेखी पेज हे खाणं नसतंच, आणि दोन वाट्या पेज पोटात गेलेली असते. उलटही होतं. 'दोन वेळा जेवतो' म्हणणाऱ्या काकांचं जेवण म्हणजे वाटीभर भात आणि कढी. म्हणून 'काय खाल्लं' असं विचारण्याऐवजी वेळ धरून विचारायचं: उठल्यावर काय घेतलंत, न्याहारीला घावणे होते की आंबोळी, किती होते, दुपारी माशाची तुकडी होती की नुसतं कालवण, चार वाजता चहाबरोबर काय. सोबत वाटी आणि चमचा न्यावा. बोटाने दाखवलेली वाटी आणि प्रत्यक्षातली वाटी यांत दुपटीचा फरक पडू शकतो.

आठवड्याचे वारही विचारावे लागतात. सोमवार, गुरुवार, संकष्टी, पूर्ण श्रावण: इतके दिवस मासे नाहीत, तर माशावर उभारलेला प्रथिनांचा हिशोब त्या दिवशी कोसळतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग, आणि घरोघरी सुकं निघतं. चार्ट दोन करावे, माशाच्या दिवसाचा आणि शाकाहारी दिवसाचा. एकाच चार्टवर 'किंवा' लिहून भागत नाही, घरी तो 'किंवा' कोणी वाचत नाही.

नोंद लिहायची पद्धत चार पायऱ्यांची आहे: तपासणी, निदान, उपाय, पाठपुरावा. इंटर्न निदानाच्या पायरीवर घसरतात. 'रुग्ण अशक्त आहे, उच्च प्रथिनांचा आहार द्यावा' यात निदान नाही. 'पाच दिवस घन अन्न गिळता येत नसल्याने प्रथिनं अपुरी. गरज ६० ग्रॅम, सेवन सुमारे २५ ग्रॅम, तीन महिन्यांत वजन ६ किलोंनी कमी' यात समस्या, कारण आणि पुरावा तिन्ही आहेत. असं लिहिलेलं डॉक्टर वाचतात. पहिल्यावर नजरही थांबत नाही.

ताट परत जाताना त्यात काय उरलं हे पाहण्याची वेळ इंटर्नला मिळते, सिनियरला नाही. पूर्ण, पाऊण, अर्धं, पाव, काही नाही, इतक्याच खुणा पुरतात. तीन दिवस खुणा केल्या की कळतं, सकाळचा उपमा रोज अर्धा परत येतो आणि घरचा डबा रोज रिकामा होतो. डबा बंद करायचा हट्ट धरून उपयोग नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आजाऱ्याला घरची पेज नेणं ही माया आहे. नियमाने ती थांबत नाही, फक्त लपून येते. त्यापेक्षा डबा उघडून मोजावा आणि हिशोबात धरावा. पथ्याशी भांडत असेल तेवढाच पदार्थ बदलून सांगावा, आणि का तेही सांगावं.

किडनी: कोकणात हा विभाग सर्वात अवघड

इथली चूक आठवड्याभरात रक्ताच्या रिपोर्टात दिसते, म्हणून शिकायलाही सर्वात जास्त मिळतं.

पहिली गोष्ट, 'किडनीचं पथ्य' असं एक काही नसतं. डायलिसिस सुरू नसलेल्या, किडनीचा जुनाट आजार बळावलेल्या रुग्णाची प्रथिनं कमी करतात: मधुमेह नसेल तर वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.५५ ते ०.६० ग्रॅम, असेल तर ०.६ ते ०.८. डायलिसिस सुरू झालं की ती वाढवावी लागतात, १.० ते १.२ ग्रॅम, कारण प्रत्येक फेरीत काही प्रथिनं वाहून जातात. पण घरच्यांच्या डोक्यात आधीचं पथ्य घट्ट बसलेलं असतं. 'डाळ बंद, मासे बंद' चालूच राहतं, आणि माणूस डायलिसिसवर वाळत जातो.

६० किलोच्या डायलिसिस रुग्णाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ताटात ती अशी बसतात: साफ केलेला बांगडा १०० ग्रॅम, म्हणजे २० च्या आसपास; दोन अंड्यांचं पांढरं, ७; दूध २०० मिली, ६ ते ७; कच्ची डाळ ३० ग्रॅम, ७; दिवसभराचा तांदूळ २०० ग्रॅम, १५; एक मोठी भाकरी, ४. बेरीज साठच्या घरात. शाकाहारी दिवशी बांगड्याचे २० आणि अंड्यांचे ७ ग्रॅम कुठून आणायचे, हा प्रश्न इंटर्नने स्वतः सोडवून सिनियरला दाखवावा. कुळीथ, पनीर अशी उत्तरं सुचतात आणि प्रत्येकाला फॉस्फरस किंवा पोटॅशियमचा काटा असतो. हिशोब कोरड्या वजनावर करायचा, म्हणजे डायलिसिस संपल्यावर साचलेलं पाणी निघून गेल्यानंतरच्या वजनावर.

दुसरी गोष्ट पाण्याची. 'दिवसाला एक लिटर पाणी' सांगितलं की रुग्ण तांब्या मोजतो. पेज, कढी, सोलकढी, सार, कालवण, चहा हे त्याच्या लेखी पाणी नसतं. कोकणी जेवण पातळ असतं; भात त्यात भिजवूनच जातो. म्हणून पाण्याचा हिशोब तांब्याने न मांडता वाटीने मांडावा, आणि लघवी किती होते ते विचारून ठरवावा.

तिसरी पोटॅशियमची. आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो. शंभर मिली शहाळ्याच्या पाण्यात २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम, म्हणजे ३०० मिलीच्या एका शहाळ्यात ६०० ते ७५०. पोटॅशियम चढलेल्या डायलिसिस रुग्णाला हे हृदयाचा ठोका बिघडवण्याइतकं महागात पडू शकतं. कमी सोडियमचं म्हणून विकलं जाणारं मीठही तसंच, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. पालेभाजी, बटाटा, सुरण बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकलं की पोटॅशियम बरंच उतरतं. वाफवून किंवा कुकरमध्ये कमी पाण्यात शिजवून नाही.

पण इथेच एक सापळा आहे. पावसाळ्यात भातशेतीच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येतात आणि त्यांच्यातल्या काहींच्या किडनीला इजा झालेली असते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेलं पाहून इंटर्न लगेच 'पोटॅशियम कमी' लिहितात. या आजारात मात्र लघवी भरपूर होऊन पोटॅशियम कमी राहण्याचा प्रकार अनेकदा दिसतो. अशा रुग्णाचं शहाळं तोडणं म्हणजे नको ते पथ्य. त्या दिवसाचा रिपोर्ट बघायचा, मगच हात लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचा.

करमल, म्हणजे ते पाच धारांचं आंबट फळ, किडनीच्या रुग्णाला अजिबात नको. त्यातलं द्रव्य मेंदूवर परिणाम करतं, उचकी थांबत नाही, झटके येऊ शकतात. बिंबल या दुसऱ्या आंबट फळाचंही विचारून घ्यावं. आमटीत दोन बिंबलं पडणं निराळं. पण कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून त्याचा रस प्यायल्याने ऑक्झलेट साचून किडनी बिघडल्याची प्रकरणं केरळातून नोंदली गेली आहेत.

सुक्या मासळीबद्दल सरसकट 'बंद' लिहू नये. खारवलेला बांगडा आणि नुसता उन्हात वाळवलेला जवळा यांच्या मिठात फार अंतर आहे. कुठला, कोणाकडून घेतलेला, मीठ लावलेला की नाही, हे विचारा. मीठ लावलेलाच असेल आणि सुटतच नसेल तर भिजवून पाणी बदलणं आणि वाटा लहान करणं, एवढं तरी पदरात पडतं.

आयसीयू: मिलीलिटरचा हिशोब

इथे रुग्ण बोलत नाही, नळी बोलते. आतडं चालू असेल आणि रक्तदाब सावरलेला असेल तर २४ ते ४८ तासांत नळीने अन्न सुरू करायचं. ढोबळ लक्ष्य किलोमागे २५ कॅलरी आणि १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोला १५०० कॅलरी. एका मिलीत एक कॅलरी असलेलं फीड दिलं तर १५०० मिली, म्हणजे २५० मिलीचे सहा फीड. आता स्कॅनसाठी एक फीड चुकलं, प्रक्रियेआधी एक थांबवलं. हजारच पोचले. दुसऱ्या दिवशी सिस्टरच्या चार्टवरची बेरीज स्वतः करावी. ठरवलेल्याची टक्केवारी रोज लिहायची सवय लागली की हे रोटेशन सार्थकी लागलं.

फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, फीडच्या आधी आणि नंतर ३० मिली पाणी. किचनमध्ये वाटून केलेलं फीड बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये. नाचणीचं फीड नळीत अडकतं, कारण तिचं स्टार्च गार होताना घट्ट होतं. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून वापरली तर मोडातली विकरं स्टार्च तोडतात आणि तेवढ्याच पिठाचं फीड पातळ राहतं. फीड बारीक गाळणीतून दोनदा गाळावंच.

घाई करू नये असा एकच प्रसंग: दहा-बारा दिवस जवळपास उपाशी असलेला, वाळलेला किंवा दारूवर राहिलेला माणूस. त्याला एकदम पूर्ण आहार दिला तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम कोसळतं. डॉक्टरांशी बोलून आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व), मग किलोमागे १० कॅलरींपासून सुरुवात, आणि रोज रिपोर्ट.

मधुमेहाची ओपीडी

दहा मिनिटं मिळतात. त्यात सगळं सांगायला गेलं की रुग्ण दारापर्यंत जाताना निम्मं विसरतो. दोन गोष्टी सांगाव्या, आणि त्याच त्याच्याकडून परत म्हणवून घ्याव्या.

मे महिन्यात 'आंबा बंद' हे वाक्य वाया जातं. मध्यम हापूसच्या गरात २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, तीस ग्रॅम पिठाच्या छोट्या तांदळाच्या भाकरीइतकी. म्हणून: आंबा खाल्ला त्या जेवणात एक भाकरी कमी, आणि फोडी खाव्या, आमरस नको, कारण वाटीभर रसात किती आंबे गेले हे कोणी मोजत नाही. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला संकष्टीच्या उपासाबद्दल आपणहून विचारायचं; तो स्वतः सांगत नाही. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. हे सोबत आलेल्या माणसालाही सांगावं.

अंगणवाडीपर्यंत

हे रोटेशन अनेक ठिकाणी दोन पोस्टर आणि एक भाषण इतक्यात उरकतात. शक्य असेल तर मुख्य रोटेशन्स मुंबई, पुणे, कोल्हापूरला करून हे तीन आठवडे आपल्या जिल्ह्यात मागून घ्यावे. भाषा, पीक, वार आणि बाजार माहीत असतो. शहरातल्या इंटर्नला जे कळायला महिना लागतो ते पहिल्या दिवशी कळतं.

अंगणवाडीतून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, तीव्र कुपोषित मुलाला ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम, गरोदर आणि स्तनदा आईला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम, असं २०२३ सालच्या सुधारणेआधीचं प्रमाण होतं. घरी नेलेलं पाकीट मात्र एकट्या बाळाचं राहत नाही, घरातली चार मुलं ते वाटून खातात. म्हणून घरभेटीत पाकीट किती दिवस पुरलं, हा प्रश्न विचारायचा. महिन्याचं पाकीट आठ दिवसांत संपलं असेल तर उत्तर मिळालंच.

दंडाच्या घेराची पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी: ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. पट्टी डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून लावायची. ओढून बांधली की निरोगी मूल लाल रंगात जातं, सैल राहिली की आजारी मूल हिरव्यात. वजनकाटा आधी शून्यावर आणायचा, पावसात भिजलेले कपडे उतरवायचे, आणि दोन्ही पायांवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते बघायचं. सुजेचं मूल वजनात चांगलं दिसतं आणि तेच सर्वात जास्त धोक्यात असतं. रायगडात कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा मुलाच्या वाढीच्या आलेखात काही महिन्यांची मोकळी जागा पडते. ती मोकळी जागा हीसुद्धा माहिती आहे. पुढच्या मुक्कामाचं गाव विचारून नोंदवावं.

तीव्र कुपोषित आणि आजारी मूल पोषण पुनर्वसन केंद्रात गेलं की सुरुवात एफ-७५ दुधाने होते: १०० मिलीत ७५ कॅलरी आणि फक्त ०.९ ग्रॅम प्रथिनं. किलोमागे दिवसाला १३० मिली. सूज जास्त असेल तर १००. सूज नसलेल्या सहा किलोच्या मुलाला ७८० मिली, दर दोन तासांनी ६५. मूल सावरलं, भूक परतली की एफ-१००, त्यात १०० कॅलरी आणि २.९ ग्रॅम प्रथिनं. आईला वाटतं, इतकं वाळलेलं लेकरू आणि वाटीभर पातळ दूध? तिला सांगावं लागतं की आतली यंत्रं मंदावलेली आहेत, आत्ताच भार टाकला तर बिघडतील. रात्रीचे फीड चुकवू नयेत. तिथेच सर्वात जास्त चुकतं.

बाळाच्या पेजेचं गणित प्रत्येक आईला करून दाखवावं. दहा ग्रॅम तांदळाच्या वाटीभर पातळ पेजेत ३५ कॅलरी. त्यातच एक छोटा चमचा तेल घातलं की ८०. मोडाच्या नाचणीचं पीठ वापरलं तर पेज पातळ राहूनही पीठ दुप्पट बसतं, शिवाय शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम. पोट लहान, म्हणून वाटी भरीव हवी.

वही आणि सही

इंटर्नला विद्यावेतन नसणं, उलट फी घेणं, आणि चार महिने फक्त चार्ट टाइप करायला बसवणं, असे प्रकार होतात. प्रवेश घेण्याआधी रोटेशनचं वेळापत्रक लेखी मागावं आणि त्यात किती रुग्ण स्वतः पाहायला मिळतील, केस कोण तपासेल, हे विचारावं. रोजच्या वहीत तारीख, विभाग, रुग्णाचं वय आणि निदान, आपण काढलेला हिशोब, सिनियरने केलेली दुरुस्ती एवढं लिहावं. नाव, नोंदणी क्रमांक, फोटो नाही; मोबाइलमधला केस पेपरचा फोटोही नाही. आणि प्रत्येक रोटेशन संपेल त्याच दिवशी त्या विभागाची सही आणि शिक्का घ्यावा. सहा महिन्यांनी एकदम सह्या मागायला गेलं की निम्म्या सिनियर बदलून गेलेल्या असतात.